आपला निबंध कुठे वाचला जाईल, हे कोण ठरवतं?

(एका अखिल भारतीय अभ्यास-संघटनेच्या अधिवेशनासाठी वाराणसीत आलेल्या मराठी भाषक संशोधक विद्यार्थ्यांसमोर, सर्वसाधारण सभेच्या आदल्या संध्याकाळी सारनाथ इथे केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



दिवसभर सत्रं ऐकून तुम्ही दमलेले आहात. रात्री इथून शहरात परत जायला ऑटो लवकर मिळत नाही, हे तीन वर्षं इथे राहून मला चांगलं माहीत आहे. म्हणून मुद्द्याचंच बोलते.

उद्या सकाळी अकरा वाजता आपल्या संघटनेची सर्वसाधारण सभा आहे. संघटनेत 'जात आणि वंचितता अभ्यास गट' स्थापन करावा, असा अर्ज आपण काही जणांनी तयार केला आहे. घटनेप्रमाणे त्यावर पन्नास आजीव सदस्यांच्या सह्या लागतात. दुपारच्या जेवणापर्यंत एकतीस झाल्या होत्या. उरलेल्या एकोणीस कुठून येतील, याचा हिशेब मी जेवताना करत होते, तेव्हा तुमच्यातल्याच दोघांनी मला बाजूला घेतलं.

एक जण म्हणाला, "ताई, पुन्हा वेगळी चूल कशाला? आपण समाजशास्त्रज्ञ म्हणून आलोय ना? मग दलित समाजशास्त्रज्ञ म्हणून का बसायचं?" दुसरी मैत्रीण काहीच बोलत नव्हती. शेवटी हळूच म्हणाली, "माझ्या विभागात माझी जात कुणाला माहीत नाही. सही केली की कळेल. गाईडची सही अजून तीन ठिकाणी बाकी आहे."

आजचं माझं सगळं बोलणं या दोघांसाठी आहे.

पहिल्या मित्राची शंका मलाही होती, आणि ती एका अनुभवाने बदलली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका संघटनेच्या अधिवेशनाला मी निबंध पाठवला. संघटनेचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका संघटनेचा नाही. माझा अभ्यास इथल्या घाटांवर झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांचा आहे. निबंध होता वाट पाहण्यावर. मुकादमाची वाट, हजेरीची वाट, पगाराची वाट. या वाट पाहण्याला मजुरीत किंमत नाही, पण कामगाराचा निम्मा दिवस ती खाते. मग समाजशास्त्रात आपण 'कामाचा वेळ' मोजतो तो कसा, असा प्रश्न मी विचारला होता. मी तो सिद्धांत आणि संकल्पनांच्या सत्रासाठी पाठवला. कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा तो 'वंचित घटक' नावाच्या सत्रात होता. मला कुणी विचारलं नाही, कळवलंही नाही. सत्राची वेळ दुपारी चारची, निबंध चौदा, प्रत्येकाला पाच मिनिटं. माझा अकरावा नंबर आला तेव्हा सत्राध्यक्ष चहाला गेले होते. शेजारच्या खोलीत काळाच्या संकल्पनेवर सत्र चालू होतं. तिथे तीनच निबंध होते आणि चर्चेला पाऊण तास.

त्या दिवशी मला कळलं की वेगळी चूल मी मांडायची वाट कुणी बघत नाही. ती माझ्यासाठी आधीच मांडलेली असते. फरक इतकाच की तिथे सरपण किती, भांडी किती आणि वेळ कोणती, हे दुसरं कुणी ठरवतं.

म्हणून मित्रा, वेगळं बसायचं की नाही, हा आपल्यापुढचा प्रश्न नाहीच. वेगळं बसवलेलं आहेच. त्या जागेची सूत्रं कुणाकडे असावीत आणि तिथून बाकीच्या खोल्यांत जायची वाट कशी काढावी, हा प्रश्न आहे.

आपल्या मराठी मुलखात यावर आधी विचार झालेला आहे. १८८५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची सभा भरत होती. जोतीराव फुल्यांना निमंत्रण होतं. त्यांनी जायला नकार दिला आणि पत्र लिहून कारण सांगितलं. ज्यांचे माणूस म्हणून हक्क तुम्ही मान्य करत नाही, त्यांच्या दुःखाचं तुमच्या ग्रंथांत काही नाही, मग त्यांनी तुमच्या सभेत येऊन करायचं काय, असा त्या पत्राचा आशय होता. ही झाली बाहेर राहण्याची वाट. पुढे २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. ही झाली स्वतःचं घर बांधण्याची वाट. दोन्ही वाटांनी मराठी साहित्य बदललं, याबद्दल वाद नाही.

पण लेखक संघटनेशिवायही लेखक राहू शकतो. आपलं तसं नाही. नियतकालिक संघटनेचं, निबंधवाचनाचं प्रमाणपत्र संघटनेचं, आणि मुलाखतीच्या समितीवर बसणारे तज्ज्ञ याच अधिवेशनांत एकमेकांना भेटतात. बाहेर राहण्याची किंमत आपल्यापैकी कुणाला परवडेल? म्हणून तिसरी वाट बघावी लागते. संघटनेच्या आत राहून, तिच्याच घटनेच्या आधारे, आपला गट नोंदवण्याची.

ही वाट नवी नाही. भारतीय समाजशास्त्र परिषद, म्हणजे इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी, १९५१ साली मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिचं 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' सुरू झालं. पण नाव भारतीय असलं तरी मध्य मुंबईच होतं. १९५५ साली उत्तरेकडच्या अध्यापकांनी आर. एन. सक्सेना यांच्या पुढाकाराने डेहराडूनला अखिल भारतीय समाजशास्त्र अधिवेशन भरवलं. बारा वर्षं हे दोन संसार वेगळे चालले आणि १९६७ साली एक झाले. आज आपण ज्याला परिषदेचं वार्षिक अधिवेशन म्हणतो, ते या जोडणीतून आलेलं आहे. २०१४ साली चाळिसावं अधिवेशन इथेच, महात्मा गांधी काशी विद्यापीठात झालं. विषय होता विकास, विविधता आणि लोकशाही.

मी या इतिहासाचा अर्थ असा लावते. आज जे आपल्याला सांगतात की गट करू नका, फूट पडेल, त्यांच्या आधीच्या पिढीने आपल्याला जागा नाही असं वाटल्यावर आख्खं अधिवेशनच वेगळं भरवलं होतं. तेव्हा कुणी त्याला फूट म्हणून बसलं नाही. दोन्ही बाजूंकडे काही ना काही होतं, म्हणून बोलणी बरोबरीने झाली. आपण तर वेगळं अधिवेशन मागत नाही, एक गट मागतोय.

त्याच परिषदेत आज विषयवार संशोधन समित्या आहेत. यादीत पहिला क्रमांक सिद्धांत, संकल्पना आणि पद्धतीशास्त्राचा आहे आणि नववा दलित आणि मागासवर्गांचा. ही नववी समिती असणं मोठी गोष्ट आहे. आपल्या संघटनेत अजून तेवढंही नाही. पण या दोन क्रमांकांमध्ये जे अंतर आहे, त्याची मला भीती वाटते. एक समिती विचार करणाऱ्यांची आणि एक समिती ज्यांच्याबद्दल विचार करायचा त्यांची, अशी वाटणी कुणी ठरवून करत नाही. ती आपोआप होते. निबंधाच्या लेखकाचं आडनाव बघून होते.

बाबासाहेबांनी ही वाटणी पहिल्याच निबंधात मोडली होती. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा परिसंवाद. वाचणारा विद्यार्थी पंचवीस वर्षांचा. आज या खोलीत बसलेल्या बहुतेकांपेक्षा लहान. त्या निबंधात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवल्या, प्रत्येकीत काय कमी आहे ते दाखवलं, आणि स्वतःचा सिद्धांत मांडला की जातीचं सार जातीअंतर्गत विवाहात आहे. साताऱ्याच्या शाळेत काय सोसलं, ते तिथे सांगितलं नाही. अनुभव लपवायचा होता म्हणून नव्हे. पुढे त्यांनी तो सविस्तर लिहिलाच. पण त्या खोलीत त्यांना साक्षीदार म्हणून उभं राहायचं नव्हतं. आपल्याकडून मात्र शंभर वर्षांनीही बहुतेक वेळा साक्षच मागितली जाते. "तुमचा अनुभव सांगा" म्हणतात. तुमची व्याख्या काय, असं फार क्वचित विचारतात.

आता कुणी म्हणेल, गटाने काय होतं, आपल्यातला एखादा मोठ्या पदावर गेला की सगळं बदलेल. या शहराने त्याचं उत्तर दिलेलं आहे. जगजीवन राम इथल्या हिंदू विद्यापीठात विद्यार्थी होते, तेव्हा न्हावी त्यांचे केस कापायला तयार नव्हता. जानेवारी १९७८ मध्ये तेच जगजीवन राम देशाचे संरक्षणमंत्री म्हणून वाराणसीत आले आणि संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. ते गेल्यावर तो पुतळा गंगाजलाने धुतला गेला. एवढं मोठं पद, पण ज्या जागेवर ते उभे राहिले त्या जागेचा कारभार दुसऱ्यांच्याच हातात होता. एका माणसाला मंचावर बसवता येतं आणि तो उठल्यावर मंच धुताही येतो. नोंदलेल्या गटाचं तसं होत नाही. त्याचा ठराव असतो, इतिवृत्त असतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच खुर्च्यांवर येऊन बसतो.

अमेरिकेचं उदाहरण थोडक्यात सांगते, कारण ते आपल्या फार जवळचं आहे. तिथल्या समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष ई. फ्रँकलिन फ्रेझर, साल १९४८. त्यानंतरचे विल्यम ज्युलियस विल्सन, साल १९९०. मध्ये बेचाळीस वर्षं. म्हणजे एक अध्यक्ष झाला म्हणून दार उघडं राहिलं नाही. १९६८ साली बॉस्टनच्या अधिवेशनात कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ एकत्र आले. समित्यांवर, सत्रांत, नियतकालिकात आमची माणसं कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. त्यातून पुढे त्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, पण त्यांनी मूळ संघटना सोडली नाही. १९७४ साली त्या संघटनेत अल्पसंख्य संशोधक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. तिथली आणखी एक पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. अधिवेशनात कोणत्या विभागाला किती सत्रं मिळणार, हे त्या विभागाच्या सदस्यसंख्येवर ठरतं. त्यामुळे सदस्य नोंदणीला तिथे अर्थ आहे. सह्या गोळा करणं हे कारकुनी काम नाही, हे मला त्यातून कळलं.

आता माझ्या गावाची एक गोष्ट. मी वाशीम जिल्ह्यातली. आई शेतमजूर. आमच्या वस्तीत बाया-बायांचा बचत गट होता, महिना शंभर रुपये. एकदा गावातल्या मोठ्या घरच्या काकूंनी निरोप पाठवला की दोन गट कशाला, एकच करू, बँकेचं कामही आम्हीच बघू. बाया खूश झाल्या, कारण बँकेत जायची सगळ्यांना भीती. आई म्हणाली, "वहीत नाव आपलं न् किल्ली त्यायच्या घरी, असं नको बाप्पा." गट वेगळाच राहिला. पेटीची किल्ली दर वर्षी वेगळ्या घरी जायची. सही करता न येणाऱ्या बाया त्या गटात सही शिकल्या, कारण पैसे काढायला दोन सह्या लागायच्या.

मी समाजशास्त्रात पदव्या घेतल्या, पण संघटनेची घटना कशी वाचायची, हे त्या पेटीवरून शिकले. उद्याच्या अर्जात किल्ली कुठे आहे ते बघा. मला ती चार ठिकाणी दिसते.

पहिली, वेळ. गटाला सत्रं किती आणि कोणत्या वेळी, हे सदस्यसंख्येप्रमाणे ठरावं आणि अर्जात लिहिलेलं असावं. शेवटच्या दिवशी दुपारी चारला चौदा निबंध, हे आपल्याला नको.

दुसरी, निवड. निमंत्रक सदस्यांच्या मतदानाने निवडला जावा, कार्यकारिणीने नेमू नये. एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त वेळा ते पद मिळू नये. आपल्यातले ज्येष्ठही तहहयात निमंत्रक होऊ शकतात, हे आपण सगळे जाणून आहोत.

तिसरी, पैसा. आजीव सदस्यत्वाची वर्गणी, प्रवास, राहणं मिळून एका अधिवेशनाला शिष्यवृत्तीचा मोठा भाग जातो. तुमच्यातले किती जण स्लीपरच्या डब्यात वेटिंगवर उभे राहून आले, ते मी सकाळी ऐकलं. गटाच्या वर्गणीचा ठरलेला हिस्सा विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी असावा आणि हिशेब दर वर्षी सभेत वाचला जावा.

चौथी माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची आहे. कोणाचाही निबंध लेखकाच्या लेखी संमतीशिवाय या गटाच्या सत्रात टाकता येणार नाही. हे कलम नसेल तर आपला गट म्हणजे नको असलेले निबंध टाकायची कोठी होईल आणि कोठीचं दार आपणच बांधून दिलेलं असेल. या कलमाची दुसरी बाजू आपल्यासाठी आहे. गट झाला म्हणून आपण सगळे तिथेच जाऊन बसायचं नाही. दर वर्षी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तरी निबंध सिद्धांताच्या, अर्थव्यवस्थेच्या, शिक्षणाच्या, आरोग्याच्या सत्रांना पाठवावेत आणि तिथे नाकारले गेले तर गटाने लेखी कारण मागावं. एकट्या विद्यार्थ्याने कारण मागितलं तर तो भांडखोर ठरतो. गटाने मागितलं तर तो पत्रव्यवहार होतो.

आता त्या दुसऱ्या मैत्रिणीकडे येते. तू इथे आहेस का, हे मी बघणार नाही.

ओळख सांगणं हे धैर्याचं काम आहे आणि ते कधी करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. संघटनेने ते कुणाकडून वसूल करू नये. म्हणून अर्जात आम्ही सदस्यत्व विषयावर ठेवलं आहे, जातीवर नाही. जात आणि वंचितता यांचा अभ्यास करणारी कोणतीही व्यक्ती सदस्य होऊ शकते. एकतीस सह्यांमध्ये सवर्ण अध्यापकांच्याही सह्या आहेत. त्यामुळे सहीवरून कुणाची जात वाचता येणार नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि कामकाज पाहणाऱ्या व्यवस्थापक मंडळाची धुरा बाबासाहेबांकडे होती. दार सगळ्यांना उघडं आणि कारभार आपल्या हाती, ही रचना आपल्याला नवी नाही.

यात धोका आहे, तो लपवत नाही. दार उघडं ठेवलं तर उद्या आपल्याच गटाचे निमंत्रक, तज्ज्ञ, संपादक तेच होतील जे आज सगळीकडे आहेत. म्हणून गटाच्या समितीत निम्म्याहून जास्त जागा अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी सदस्यांसाठी असाव्यात, असं कलम आहे. जे निवडणुकीला उभे राहतील त्यांनीच तेवढं सांगायचं. बाकीच्यांना कुणी विचारणार नाही.

आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी. १९९५ साली दलित स्त्रियांना आपला राष्ट्रीय महासंघ स्थापन करावा लागला, कारण स्त्री चळवळीत जात नव्हती आणि दलित चळवळीत बाई मंचाखाली होती. आज या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर कोण बसलं होतं आणि चहाचे कप कोणी मोजले, ते आठवा. तेच आपल्या जातींमधलं. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्यात बौद्ध किती, मातंग किती, भटक्या जमातींचे किती, हे मोजलं तर मान खाली जाईल. जो प्रश्न आपण उद्या सभेला विचारणार आहोत, तो कुणीतरी आपल्याला विचारेल. विचारला की चिडायचं नाही, वहीत लिहून घ्यायचा.

बाबासाहेब काठमांडूच्या बौद्ध परिषदेनंतर नोव्हेंबर १९५६ मध्ये इथे, काशी-सारनाथला आले होते. तब्येत खालावलेली होती, तरी विद्यार्थ्यांसमोर बोलले. पुढे दोन आठवड्यांच्या आत ते गेले. मी या आवारात येते तेव्हा मला त्याची आठवण होते. त्यांच्याकडे वेळ नव्हता. आपल्याकडे आहे, म्हणून आपण कामं पुढे ढकलतो.

अर्ज मागच्या टेबलावर आहे. सही करायच्या आधी तो पूर्ण वाचा. इंग्रजीत आहे, म्हणून सोबत मराठी आणि हिंदी प्रत ठेवली आहे. एखादं कलम पटत नसेल तर आज रात्रीच सांगा, बदल करता येईल. उद्या सभेत 'नंतर बघू' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त आहे. तसं आलं तर ते उत्तर इतिवृत्तात तारखेसह नोंदवून घ्या, अशी मागणी आपल्यातल्या कुणीतरी उभं राहून करायची आहे. ते काम मी करेन. माझ्या बाजूला अनुमोदक म्हणून उभं राहणारं कुणी हवं आहे. ज्यांची गाईडची सही बाकी आहे, त्यांनी नको. ज्यांचं काम झालंय, नोकरी लागलीय, त्यांनी पुढे यावं. आपल्यात जे थोडे सुरक्षित आहेत, त्यांनी आधी उभं राहायचं.

आणि मित्रा, तू ज्याने वेगळी चूल म्हणालास, तुझा निबंध उद्या दुपारी सिद्धांताच्या सत्रात आहे, मी पत्रिकेत पाहिलं. आम्ही सगळे येऊन पुढच्या रांगेत बसणार आहोत. तिथे कुणी तुला तुझा अनुभव विचारला, तर तू तुझी व्याख्या सांग.

जय भीम.